सिया कोलिसी: भारी कॅप्टन की नुसता पोस्टरवरचा चेहरा?

हुप्प्या_सातारकर:
मंडळी, रग्बीतलं मला ढेकळं कळत नाही, पण २०२३ ची वर्ल्ड कप फायनल जागून बघितली (दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११) आणि नाद लागला. दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन कोलिसी, त्याचं सगळीकडे कौतुक, त्यांचा पहिला कृष्णवर्णीय टेस्ट (म्हणजे आंतरराष्ट्रीय मॅचचा) कॅप्टन वगैरे, पण फायनलला तर भाऊ यलो कार्ड घेऊन दहा मिनिटं बाहेर! मग करतो काय नक्की?

चहाबिस्किट:
अरे समोरच्या कॅप्टनला, न्यूझीलंडच्या सॅम केनला, रेड कार्ड मिळालं, थेट मॅचबाहेर, त्याचं काय 😄 आधीचं बघ. २०१७ ला याच न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेला ५७-० धुतलेलं. २०१८ ला कोलिसी कॅप्टन झाला, पहिलीच मॅच एलिस पार्कला, इंग्लंड २४-३ पुढे आणि तिथून ४२-३९ ने जिंकले. मग २०१९ चा कप, मग २०२३ चा. कॅप्टन म्हणून दोन कप फक्त न्यूझीलंडचा रिची मॅककॉ आणि हा.

निवांत_बंड्या:
डोकं रासी इरॅस्मसचं आहे हो, २०१९ ला कोच, २०२३ ला टीमचा रग्बी डायरेक्टर. २०२३ च्या फायनलला बेंचवर सात फॉरवर्ड (धक्काबुक्कीवाले आडदांड) आणि एकच बॅक (पळणारा) ठेवायची हिंमत कोच मंडळींची, कॅप्टनची नाही. कोलिसी चांगला फ्लँकर (फॉरवर्डमधलीच एक जागा) आहे, पण रासी नसता तर हे झालं नसतं.

मावळतीकर:
बंड्या, कोचचं श्रेय मान्यच, पण टीम एका माणसामागे उभी राहते ते कोचला आखून देता येत नाही. कोलिसी झ्वीडे टाउनशिपचा (काळ्यांची गरीब वस्ती) पोरगा, आजीने वाढवलेला, घरी खायचे वांधे, ट्रायलला शॉर्ट्स नव्हती म्हणून बॉक्सर घालून खेळला, तिथून ग्रे शाळेची स्कॉलरशिप. आणि एक गैरसमज काढा डोक्यातून, रग्बी म्हणजे गोऱ्यांचा खेळ आणि हा कुठून तरी घुसला असं नाहीये, इस्टर्न केपमध्ये काळ्या वस्त्यांतले क्लब शंभरेक वर्षं खेळतायत, फक्त वर्णभेदाच्या काळात स्प्रिंगबॉकची, म्हणजे राष्ट्रीय टीमची, जर्सी त्यांना बंद होती. १९९५ च्या कप जिंकलेल्या टीममध्ये गोरा नसलेला एकटा चेस्टर विल्यम्स. २०१९ च्या फायनलला ट्राय मारणारे (बॉल रेषेपलीकडे टेकवून पॉइंट्स काढणारे) मापिम्पी आणि कोल्बे, दोघंही गोरे नाहीत. एवढा फरक पडलाय.

हुप्प्या_सातारकर:
हे शॉर्ट्सचं माहीतच नव्हतं राव. क्रिकेटमध्ये त्यांच्या कॅप्टन बावुमालाही असंच, काळा म्हणून कोट्यातून आलाय असं म्हणत छळलं ना?

मावळतीकर:
हो, आणि २०२५ ला लॉर्ड्सवर टेस्ट चॅम्पियनशिप जिंकल्यावर गप्प झाले सगळे.

निवांत_बंड्या:
सगळे नाही, आमच्या ऑफिसातला एक अजून बोलतोय 😂