गडकरींकडे मंत्रीपद आहे, मग त्यांना बाजूला सारलं असं कसं म्हणता?

महालकर
परवा घरच्या ग्रुपवर वाद झाला. मावसभावाने लिहिलं, "गडकरींना पक्षाने काय कमी केलं? 2014 पासून रस्ते त्यांच्याकडेच आहेत, एवढं कोणाला मिळतं?" मी उत्तर टाइप करत बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं. मंत्रीपद आणि पक्षातली जागा यात आपण सगळेच गल्लत करतोय असं मला मनापासून वाटतं.

17 ऑगस्ट 2022 ला भाजपने संसदीय मंडळ नव्याने केलं. 11 जणांचं. जुन्यातली दोन नावं गेली, गडकरी आणि शिवराजसिंह चौहान. या मंडळात मुख्यमंत्री कोण, युती कोणाशी, असे निर्णय होतात, म्हणजे पक्षातला शेवटचा शब्द तिथला. मंडळातले सगळे केंद्रीय निवडणूक समितीत असतातच, त्यामुळे गडकरी तिकीटवाटपातूनही बाहेर पडले, आणि त्याच दिवशी त्या समितीत देवेंद्र फडणवीस आले.

वयाचं कारण म्हणावं तर येडियुरप्पा तेव्हा 79 चे, सत्यनारायण जटिया 76 चे, ते दोघं आत घेतले. गडकरी 65 चे होते आणि पक्षाचे माजी राष्ट्रीय अध्यक्ष होते. राजनाथ आणि अमित शहा हे माजी अध्यक्ष मंडळात राहिले, हे एकटे गेले. पक्षाने कारण काय सांगितलं? काहीच नाही, फक्त नावांची यादी.

आणि हे एका दिवसात झालं नाही. 2019 ला जलसंपदा आणि गंगा गेलं, जहाज खातंही गेलं. 2021 ला सूक्ष्म-लघु उद्योग राणेंकडे गेलं. मी काही गडकरींचा कार्यकर्ता नाही, पण ज्या माणसाला विरोधी पक्षातले लोकही कामं घेऊन भेटायला जातात, जो संसदेत उभा राहिला की समोरचे बाकं शांतपणे ऐकतात, असा मवाळ माणूस पक्षाच्या निर्णयाच्या खोलीत असणं पक्षाच्याच भल्याचं होतं. त्याला बांधकामाच्या साइटवर ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. मला हे चूक वाटतं, पक्षासाठीही आणि आपल्यासाठीही.

सरळरेघ
पूर्ण असहमत. पक्ष म्हणजे गुणवंतांचा सत्कार समारंभ नव्हे हो. संसदीय मंडळात कोणाला घ्यायचं हा नेतृत्वाचा अधिकार आहे, आणि त्या यादीत लालपुरा आले, म्हणजे शीख समाजाचा माणूस, के. लक्ष्मण आले, सुधा यादव आल्या, सोनोवाल आले ईशान्येतून. जागा 11 च आहेत. नवीन समाज, नवीन प्रदेश आत घ्यायचे तर कोणीतरी बाहेर जाणारच ना? महाराष्ट्राला निवडणूक समितीत फडणवीस मिळाले, त्याच महिन्यात बावनकुळे प्रदेशाध्यक्ष झाले, दोघंही नागपूरचे. मग नागपूरवर अन्याय कुठला?

आणि लोकप्रियतेचं म्हणाल तर आकडे बघा. 2014 ला मुत्तेमवारांविरुद्ध 2 लाख 84 हजारांनी जिंकले, 2019 ला पटोलेंविरुद्ध 2 लाख 16 हजारांनी, 2024 ला काँग्रेसच्या विकास ठाकरेंविरुद्ध 1 लाख 37 हजारांनी. दर वेळी उतरतंय.

कापूसवाली
सरळरेघ भाऊ, आकडे अर्धेच दिले न तुम्ही. 2024 ला नागपूरच्या आजूबाजूचं पण सांगा. रामटेक गेलं, वर्धा गेलं, भंडारा-गोंदिया गेलं, गडचिरोली गेलं, आमच्या इकडं यवतमाळ गेलं, अमरावती गेलं. चंद्रपूरला मुनगंटीवारांसारखा माणूस अडीच लाखाच्या वर मतांनी पडला. विदर्भात 10 पैकी भाजपचे दोनच निवडून आले, नागपूर आणि अकोला. आजूबाजूला सगळं वाहून जात असताना जो 1 लाख 37 हजारांनी उभा राहिला त्याला तुम्ही उतरता म्हणता?

आमच्याकडं तेव्हा कापसाला भाव नव्हता, सोयाबीनला नव्हता, लोक चिडून होते. त्यात पण "गडकरीले मत देऊ, बाकीचं पाहू" असं म्हणणारे मी स्वतः ऐकले, नागपुरात माझं माहेर आहे.

मांडवीकाठ
मी गोव्याचा, मला या "मवाळ" शब्दावरच बोलायचंय. 2017 मार्चमध्ये आमच्याकडे निकाल लागला, 40 पैकी काँग्रेस 17, भाजप 13. मुख्यमंत्री पार्सेकर स्वतः पडलेले. त्या रात्री पणजीत बसून गोवा फॉरवर्ड आणि मगो या छोट्या पक्षांना कोणी जुळवून घेतलं? गडकरींनी. सकाळपर्यंत पर्रीकरांच्या नावावर सह्या झाल्या. गोवा फॉरवर्डला आम्ही भाजपविरोधी म्हणून मतं दिली होती, माझ्या घरातून तीन मतं गेली होती, ती कुठे गेली हे आम्ही टीव्हीवर बघितलं. तो राग अजून आहे.

त्यामुळे सगळ्यांशी गोड बोलणारा आणि मवाळ विचारांचा, हे दोन वेगळे आहेत. गडकरी शाळेपासून संघाचे आहेत, नागपूरच्या महाल भागातच वाढलेत, हे महालकरांना जास्त माहीत. पक्षाच्या मोठ्या भूमिकेविरुद्ध त्यांनी कधी मत दिलंय? कधी राजीनामा पुढे केलाय? बोलण्याची पद्धत सौम्य आहे एवढंच, आणि पक्षाला गरज लागली तेव्हा तीच पद्धत वापरून आमचा कौल फिरवला.

महालकर
मांडवीकाठ, गोव्याचं तुमचं म्हणणं मान्य आहे, त्यात मी काही बचाव करणार नाही. तो कौल फिरवलाच होता.

फक्त एक सांगतो. मवाळ म्हणजे विचारधारा सोडलेला असं मी म्हणतच नाहीये. संघाचा माणूस राहूनही, जातीच्या गोष्टी करणाऱ्याला लाथ मारीन असं भर सभेत पुन्हा पुन्हा सांगणारा आणि विरोधी पक्ष मजबूत असला पाहिजे असं मंत्रीपदावर बसून बोलणारा, एवढाच माझा अर्थ. आज तेवढंही दुर्मिळ झालंय.

आणि खोलीचं का म्हणतो ते सांगतो. जुलै 2024 मध्ये त्यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी काढा म्हणून. नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं निवेदन दिलं होतं त्यावरून. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावरचा कर शून्य झाला. म्हणजे म्हणणं बरोबर होतं. पण इतक्या जुन्या मंत्र्याला आपल्याच सरकारला पत्र लिहून सांगावं लागतं, ते पत्र बाहेर येतं, त्यावर विरोधक आंदोलन करतात. आत बोलायची जागा असती तर हे चहा पिता पिता झालं असतं.

सरळरेघ
इथेच तुमचा मुद्दा कोसळतो महालकर. डिसेंबर 2018 आठवा. मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड गेल्यावर पुण्यात ते म्हणाले की अपयशाची जबाबदारी नेतृत्वाने घ्यायला हवी. पुढच्याच महिन्यात म्हणाले की दाखवलेली स्वप्नं पूर्ण केली नाहीत तर लोक नेत्यांना मारतात. तेव्हा ते संसदीय मंडळावरच होते! खोलीत जागा होती, तरी बाहेर माइकवरच बोलले. लोकसभा चार महिन्यांवर आलेली, विरोधक ती वाक्यं घेऊन फिरत होते, आणि नंतर म्हणायचं माझ्या बोलण्याचा विपर्यास केला. असा माणूस कोणत्या पक्षाला आतल्या खोलीत हवा असतो? मला तर वाटतं पक्षाने त्यांना खूप सांभाळून घेतलं.

जुलै 2022 मध्ये नागपुरातच म्हणाले की कधी कधी राजकारण सोडावंसं वाटतं. ठीक आहे, पुढच्या महिन्यात पक्षाने एका जबाबदारीतून मोकळं केलं.

राजवाडा_चौक
सरळरेघ साहेब, हे शेवटचं वाक्य फार कठोर झालं. एखादा माणूस मनातलं बोलतो ते त्याला काढायचं कारण होऊ नये.

मी इंदूरचा मराठी, आमचं घराणं होळकरांच्या काळापासून इथे. आम्ही हे दोनदा पाहिलंय म्हणून सांगतो. आमच्या ताई, सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण, 1989 पासून सलग आठ वेळा इंदूरमधून निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. 2019 ला पक्ष इंदूरचं नावच जाहीर करेना. सगळीकडची नावं येतायत, इंदूर रिकामं. शेवटी ताईंनीच पत्र लिहून कळवलं की मी लढत नाही, आता मोकळेपणाने निर्णय घ्या. वय झालं होतं हे खरं, पण कोणीतरी घरी येऊन सांगायला हवं होतं की नाही? 30 वर्षं खासदार होती ती.

शिवराजसिंहांचं तर अजूनच. तुम्ही म्हणता ना बाहेर बोलतात म्हणून? शिवराजमामा कधीच नेतृत्वाविरुद्ध बोलले नाहीत, तरी 2022 च्या त्याच यादीत त्यांचंही नाव कापलं. 2023 ला ते मुख्यमंत्री असताना मध्य प्रदेशात 230 पैकी 163 जागा आल्या, गावोगावी बायका त्यांच्या लाडली बहना योजनेचं नाव घेत होत्या, आणि मुख्यमंत्री झाले मोहन यादव. म्हणजे बोललात तरी बाहेर, गप्प राहिलात तरी बाहेर. मग निकष काय राहिला? मला एकच दिसतो, स्वतःच्या बळावर मतं खेचणारा नेता नको.

पेणकर
अहो तुम्ही सगळे मंडळ आणि समिती करताय, आमच्या रस्त्याचं बोला जरा. मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर काम 2011 ला सुरू झालं, 2014 पासून खातं गडकरींकडे. किती गणपती गेले मोजा. ऑक्टोबर 2023 ला चिपळूणला बांधकाम चालू असलेल्या पुलाचा भाग कोसळला, नशीब कोणी गेलं नाही. माझा सख्खा चुलतभाऊ वडखळजवळ खड्ड्यात गाडी जाऊन दोन महिने प्लास्टरमध्ये होता.

देशभरात रस्त्यावर वर्षाला 1 लाख 70 हजारांच्या वर माणसं मरतात, आणि खुद्द गडकरींनीच डिसेंबर 2024 ला संसदेत सांगितलं की परदेशातल्या परिषदांत यावर बोलणं निघालं की मी तोंड लपवतो. प्रामाणिकपणे बोलले, मान आहे त्याबद्दल. पण प्रामाणिकपणे बोलल्याने रस्ता होत नाही. कॅगने 2023 ला द्वारका एक्स्प्रेसवेचा खर्च काढला, किलोमीटरला 18 कोटी मंजूर होते तिथे 250 कोटी. खात्याने त्यावर उन्नत मार्ग वगैरे खुलासा दिला, असेल बरोबर. इथेनॉलचंही घ्या, गडकरींच्या पोरांच्या कंपन्या त्या धंद्यात आहेत, काँग्रेसने आरोप केले, त्यांनी फेटाळले. पण प्रश्न विचारायचे की नाही? बाजूला सारलेला बिचारा माणूस म्हटलं की कोणी प्रश्नच विचारत नाही, मला त्याचा राग येतो.

कापूसवाली
पेणकर दादा, तुमच्या रस्त्याचा राग रास्त आहे, भावाला आराम पडो. प्रश्न विचाराच, आम्ही पण विचारतो, आमच्याकडं टोल कमी नाहीत. पण त्या मंडळातून त्यांना तुमच्या रस्त्यासाठी काढलं असतं तर खातं काढून घेतलं असतं न? खातं ठेवलं आणि मंडळ काढलं, मग ते कामावरून नव्हतंच.

मला तर याचं मूळ 2022 च्या फार मागे वाटते. 2009 डिसेंबरला 52 व्या वर्षी संघाने त्यांना नागपुरातून उचलून थेट अध्यक्ष केलं. त्यांनी पक्षाचे जुने संघटनमंत्री संजय जोशींना परत आणलं, उत्तर प्रदेशाचं काम दिलं, मोदींचं आणि जोशींचं पटत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. 2012 मध्ये मोदी उत्तर प्रदेशात प्रचाराला गेलेच नाहीत, आणि मुंबईच्या कार्यकारिणीला आले ते जोशींनी कार्यकारिणी सोडल्यावर. दुसऱ्यांदा अध्यक्ष करायला पक्षाची घटना बदलून ठेवली होती, आणि जानेवारी 2013 ला गडकरींच्या पूर्ती समूहाशी जोडलेल्या कंपन्यांवर आयकर खातं पोहोचलं, त्यांनी माघार घेतली, राजनाथसिंह आले. तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं, पण पक्षातून किती जण त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते पाहा. तिथूनच सगळं सुरू झालं.

मांडवीकाठ
कापूसवाली ताई, हे पटलं. पण मग यात मवाळ विरुद्ध जहाल असं काही राहत नाही, ही दोन माणसांमधली जुनी गोष्ट झाली. आणि ते स्वतः तरी कुठे सोडून जातायत? 2024 च्या मार्चमध्ये पहिल्या यादीत नाव नव्हतं तेव्हा उद्धव ठाकरेंनी जाहीर बोलावलं, आमच्याकडून लढा म्हणून. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. विरोधी पक्षातल्या एकाने पंतप्रधानपदासाठी पाठिंबा देऊ केला होता तोही नाकारला असं त्यांनीच नंतर सांगितलं. ज्याची तक्रार नाही त्याची वकिली आपण का करतोय?

महालकर
कारण मत आमचं आहे मांडवीकाठ. त्यांची तक्रार नसेल, माझी आहे. तुमची तीन मतं पणजीच्या हॉटेलात फिरली म्हणून तुम्हाला अजून राग आहे ना, तसाच हा. आम्ही एका माणसाकडे बघून मत दिलं आणि त्या माणसाचा शब्द कुठपर्यंत चालतो हे दुसऱ्याच कोणी ठरवलं.

सरळरेघ, 2018 चा तुमचा मुद्दा मला खोडता आला नाही, रात्रभर विचार केला. मंडळावर असतानाही ते बाहेर बोलले हे खरंच. माझा अंदाज असा की मंडळ तेव्हाच नावापुरतं उरलं असावं. व्यंकय्या 2017 ला उपराष्ट्रपती झाले, अनंतकुमार 2018 ला गेले, पुढे 2019 ला जेटली आणि सुषमाताईही गेल्या, जागा वर्षानुवर्षं भरल्याच नाहीत. पण हा अंदाज आहे, पुरावा नाही.

धागा मावसभावाला पाठवला. त्याने उलट विचारलं, "फडणवीस आपल्या नागपूरचेच ना, मग तुला दुःख कशाचं?" विधान परिषदेची नागपूर पदवीधरची जागा आधी देवेंद्र यांचे वडील गंगाधरराव फडणवीसांची, त्यांच्यानंतर ती नितीनभाऊंकडे आली आणि पंचवीस वर्षं राहिली, आणि डिसेंबर 2020 ला पक्ष तीच जागा काँग्रेसकडे हरला. त्या दिवशी आमच्या गल्लीत दोन्ही नेत्यांना मानणारे लोक एकाच ओट्यावर गप्प बसले होते. त्याला एवढंच लिहिलं. अजून निळी खूण झाली नाही.