मदत हवी आहे : बॉयलरचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये उलटं येऊ नये म्हणून काय बसवावं?

नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीत खत कालवायच्या टाकीत नळाचा पाइप कायम बुडवलेला असायचा. परवा मुख्य लाइनचा दाब अचानक पडला आणि टाकीतलं पाणी मागे ओढलं जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. पोटात गोळाच आला, त्याच लाइनचं पाणी सगळे पितात! १९३३ साली शिकागोच्या हॉटेलांत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून आमांशाची साथ आली होती, ती आठवली.

टाकीचं लगेच निस्तरलं. पाइपचं तोंड काठाच्या वर, व्यासाच्या दुप्पट उंचीवर बांधलं.

अडचण बॉयलरची आहे. त्यात गंजरोधक रसायनं आहेत, शिवाय त्याचा दाब लाइनपेक्षा वाढू शकतो. प्लंबर म्हणतो, साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) पुरेल. मला पटत नाही. त्यात कचरा अडकला तर तो उघडाच राहतो आणि कुणाला कळतही नाही. त्याऐवजी आरपीझेड व्हॉल्व्ह (दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि त्यांच्या मधे पाणी बाहेर सोडणारी झडप) बिघडला तर निदान पाणी बाहेर सोडतो.

कोणी तो बसवलाय का? सोडलेल्या पाण्याचा निचरा कसा केलात? दरवर्षीच्या चाचणीला पाणी बंद ठेवावं लागतं, म्हणून दोन समांतर बसवावेत का? कृपया अनुभव सांगा, तोवर बॉयलरची लाइन तोडूनच ठेवली आहे.