समुपदेशनातला ‘उपदेश’ काढायचा कसा?

शब्दपाखरू: व्यक्तिकेंद्री समुपदेशनावरची एक पुस्तिका मराठीत करतेय. पहिल्याच पानावर अडलेय. आशय असा की या पद्धतीत समोरच्याला सल्ला देत नाहीत. आता मराठी वाक्य वाचा : ‘समुपदेशक उपदेश करत नाही.’ शिंपी शिवत नाही म्हटल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द सुचवा.

जुनंखोड: शब्दाचा काय दोष? ‘उपदेश’मध्ये दिश् धातू आहे, दाखवणे. नुसती दिशा दाखवायची, ढकलायचं नाही. व्युत्पत्ती पाहा, मग तक्रार करा.

आडवळण: काका, पण ही पद्धत मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सना दिशा दाखवणंही नकोच होतं! १९४२च्या पुस्तकात त्यांनी आपल्या पद्धतीला ‘अनिर्देशी’ म्हटलं. निर्देशातही तुमचा दिश् आहेच. म्हणजे व्युत्पत्तीने प्रकरण आणखीच बिघडलं.

शब्दपाखरू: तेच ना. शिवाय १९५१ला ते ‘क्लायंटकेंद्री’ म्हणू लागले, ‘व्यक्तिकेंद्री’ त्यानंतरचं. रुग्ण म्हणायचं नाही यावर त्यांचा कटाक्ष. ‘सल्लार्थी’ लिहावं, तर पुन्हा सल्ला आलाच.

खडूस: क्लायंट लिहा आणि मोकळ्या व्हा. लोक तेच बोलतात.

जुनंखोड: छान! उद्या क्रियापदंही उसनी आणा. ‘अशील’ आहे की आपला.

खडूस: वकिलाकडे आलोय की काय असं वाटेल माणसाला.

जुनंखोड: हसू नका. हा मूळचा अरबी ‘असील’, म्हणजे मूळ, अस्सल. मुख्य माणूस अशील, वकील त्याच्या वतीने बोलणारा. व्यक्तिकेंद्री म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

आडवळण: युक्तिवाद झकास. पण वाचणारा ‘शील नसलेला’ असा अर्थ लावणार, त्याचं काय?

ऐकणारी: मी या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय, म्हणून मध्ये पडते. काम चालतं ते तीन गोष्टींवर : समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, अटी न घालता त्याला स्वीकारणं आणि समुपदेशकाने स्वतः मुखवटा न लावणं. फायदा हळूहळू दिसतो. ‘मला असं वाटायलाच नको होतं’ म्हणणारा माणूस ‘मला असं वाटतं’ म्हणू लागतो. स्वतःला दोष देणं कमी होतं, दुसऱ्याला विचारल्याशिवाय निर्णय घेता येतात. सल्ला दिला की नेमकं हेच हुकतं, कारण निर्णय पुन्हा दुसऱ्याचाच ठरतो. अर्थात गंभीर आजारात औषधं लागतात तिथे ती लागतातच. मी बोलताना ‘भेटायला येणारी व्यक्ती’ म्हणते. लांबलचक आहे, पण कुणाला खटकलेलं नाही.

शब्दपाखरू: हे आवडलं. पहिल्या गोष्टीला तुम्ही ‘सहानुभूती’ म्हणता का?

ऐकणारी: नाही, ‘समानुभूती’. सहानुभूतीत कीव येते.

जुनंखोड: कीव तुम्ही घातलीत! सह अधिक अनुभूती, म्हणजे सोबत अनुभवणं. हवा तो अर्थ त्यातच होता. चांगला शब्द वापरून वापरून बिघडवायचा आणि मग नवा पाडायचा.

खडूस: शब्द बिघडत नाहीत, बदलतात. ‘मला तुझी सहानुभूती नको’ हे वाक्य रागाने म्हणतात, व्युत्पत्ती बघून कोणी म्हणत नाही.

आडवळण: शिवाय ‘समान’ही पटत नाही. तुमचं दुःख मला तुमच्याइतकं कसं होईल? ‘जणू माझंच आहे’ असं समजायचं, पण तो ‘जणू’ सोडायचा नाही, यावर रॉजर्सचा भर होता. मला ‘परानुभूती’ बरा वाटतो.

जुनंखोड: ‘पर’ म्हटलं की परका. आपलेपणा गेला.

खडूस: आणि ‘अनुकंपा’?

आडवळण: ती नोकरीत अडकलीय.

शब्दपाखरू: मंडळी, माझं पहिलं पान? समुपदेशकाचं काय करू?

जुनंखोड: ते ठेवा तसंच. ‘अशील’ला कोशात कोणी ‘शील’वरून आलेला म्हटलंय का, ते आधी सांगा. तालव्य श कुठून आला, हा खरा प्रश्न आहे.