'सौभद्र'मधली सुभद्रा बदलायची आहे : पट्टी, तालीम आणि जुन्या गायिकेचा मान

विंगेतून (रत्नागिरी)

आमच्याकडे देवळाच्या माघी उत्सवात दरवर्षी संगीत नाटक होतं. यंदा 'सौभद्र' आहे. सुभद्रा करणारी गायिका नोकरीसाठी ठाण्याला गेली, त्यामुळे शनिवार-रविवार सोडून तालमीला येणं तिला जमणार नाही. दिग्दर्शकांनी संगमेश्वरकडच्या एका मुलीला बोलावून वाचन सुरू केलं. जुन्या गायिकेला मात्र कुणी काही सांगितलं नाही. तालमीचा फोटो ग्रुपवर पडला तेव्हा तिला कळलं. आता गावात दोन तट पडलेत. नवी मुलगी कार्यकारिणीतल्या एकांची भाची आहे, म्हणून वशिल्याचीही कुजबुज चालू आहे. फ्लेक्स जुन्या फोटोसकट छापून आलाय.

प्रयोगाला पाच आठवडे आहेत. जुन्या गायिकेची पट्टी, म्हणजे पेटीवरची ज्या कळीला 'सा' धरून ती गाते ती, काळी चार, नवीची पांढरी पाच. अर्जुन आणि कृष्ण दोघेही काळी एकमध्ये गातात. ऑर्गनवाले म्हणतात, एका पट्टीचा तर फरक, सहज चालून जाईल. खरंच जाईल का? आणि तालमी कशा लावाव्यात? वादाचं काय करावं हेही जाणकारांनी सांगावं.

पायपेटी (देवरूख)

आधी पट्टीचं बोलतो, कारण 'एका पट्टीचा फरक' हे ऐकायला सोपं वाटतं आणि प्रयोगात तिथेच फसगत होते.

काळी चारला 'सा' धरला तर तिचा शुद्ध मध्यम, म्हणजे साधा 'म', येतो काळी एकवर. म्हणून आजवर तुमचं एका तबल्यावर भागत होतं. तबला काळी एकला लावला की पुरुषांना तो षड्जात, म्हणजे 'सा'त, मिळतो आणि सुभद्रेला मध्यमात. आता नवी मुलगी पांढरी पाचमध्ये गाणार. पांढरी पाचचा शुद्ध मध्यम पांढरी एक, आणि काळी एक हा तिचा तीव्र मध्यम, म्हणजे अर्धा स्वर चढा 'म', होतो. तोच तबला तसाच ठेवलात तर तिच्या प्रत्येक पदाखाली तीव्र मध्यम वाजत राहील. ती सुरात असली तरी बेसूर ऐकू येईल आणि लोक म्हणतील, नवीन मुलगी कच्ची आहे. बदललेल्या गायिकेवर असा ठपका बऱ्याचदा याच कारणाने येतो.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे अर्जुन आणि कृष्णाने पांढरी एकमध्ये गावं. पुरुषाला अर्धा स्वर खाली उतरणं सहसा जड जात नाही, फक्त खर्जातल्या, म्हणजे अगदी खालच्या, जागा ऐकू येतात ना ते बघा. तसं झालं तर तबला पांढरी एकला लावायचा आणि जुनंच गणित पुन्हा जमतं. दुसरा उपाय, दोन तबले ठेवायचे. डग्गा एकच पुरतो. पुरुषांसाठी काळी एकचा तबला आणि सुभद्रेसाठी पांढरी पाचचा, म्हणजे जरा मोठ्या तोंडाचा. एकच तबला प्रवेशाप्रवेशात हातोडीने खालीवर करत बसू नका. गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून वादी (चामड्याची पट्टी) ताणली की स्वर लगेच स्थिर राहत नाही, पुढच्या पाचदहा मिनिटांत सरकतो.

पहिला उपाय घेतलात तरी एक पथ्य आहे. सुभद्रेचं एखादं पद भूपासारख्या मध्यम वर्ज्य असलेल्या रागात किंवा यमनसारख्या तीव्र मध्यमाच्या रागात बांधलेलं असेल, तर तेवढ्यापुरता तिच्या षड्जाचा तबला हवाच.

आता ऑर्गन. पायपेटीला, म्हणजे ऑर्गनला, स्केल चेंजर (बोटं तीच ठेवून पट्टी बदलायची सोय) नसतो. काळी चारमध्ये षड्ज काळ्या पट्टीवर पडतो, पांढरी पाचमध्ये पांढऱ्यावर. म्हणजे बोटांची सगळी ठेवण बदलते. इतकी वर्षं हातात बसलेली पदं वादकाला नव्याने बसवावी लागतात. नवीन गायिकेइतक्याच तालमी त्यांनाही लागतील, हे त्यांना आत्ताच सांगा. स्केल चेंजरची साधी पेटी घेतली तर सोय होते, पण उघड्या मंडपात ऑर्गनचा भरणा तिला येत नाही.

पट्टी कायम करण्याआधी मुलीची परीक्षा नीट घ्या. सकाळी मांडी घालून गायलेली पट्टी धरू नका. उत्सवातलं नाटक रात्री उशिरा उभं राहतं, तिसऱ्या अंकाला मध्यरात्र उलटलेली असते. तिला उभं करून आधी एका प्रवेशाचं गद्य मोठ्याने म्हणायला लावा आणि लगेच 'वद जाऊ कुणाला शरण' घ्या. वरच्या जागेवर आवाज फाटला किंवा ती मान वर करून स्वर गाठायला लागली, तर पट्टी आणखी उतरवा. ते आज ठरलेलं बरं.

तिसरी घंटा (कुडाळ)

पट्टीचं पायपेटीकाकांनी सविस्तर सांगितलंय, मी वादाकडे वळते.

सगळ्यात आधी जुन्या गायिकेला दिग्दर्शकांनी स्वतः फोन करावा. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर, 'आधी तिका फोन करा, मगे बाकीचा.' ग्रुपवर निवेदन टाकून हे होणार नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून निरोप धाडूनही नाही. फोनवर तीनच गोष्टी बोलाव्यात. भूमिका का बदलली, म्हणजे किती तालमी लागणार होत्या आणि त्यातल्या किती तिला जमत होत्या. हा बदल या प्रयोगापुरता आहे की कायमचा. आणि तिला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं, याची माफी. 'गावाने ठरवलं' किंवा 'कमिटी म्हणाली' असल्या आडोशाला लपू नये. भूमिका वाटण्याचा अधिकार दिग्दर्शकाचा, त्याची जबाबदारीही त्याचीच.

हे कलाकार बदलण्यावरून पेटलेलं नाही. नाटकात माणसं बदलतातच. किर्लोस्कर नाटक मंडळीतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले आणि भाऊरावांनी गाजवलेल्या स्त्रीभूमिका पुढे त्यांनी केल्या. पुढे लोकांनी त्यांना बालगंधर्व म्हणूनच डोक्यावर घेतलं. तुमच्याकडे चिडायचं कारण एवढंच की जिची भूमिका गेली तिला सर्वांच्या शेवटी कळलं.

भाचीच्या मुद्द्यावर गुळमुळीत राहू नका. नातं आहे हे आपणहून सांगा आणि निवड कशी झाली तेही सांगा. दुसऱ्या कुणाला ऐकलंच नसेल तर अजून वेळ आहे, एका संध्याकाळी दोनतीन जणींना तीच दोन पदं आणि तोच उतारा द्या. ऐकायला ऑर्गनवाले आणि तबलजी बसवा, कारण त्यांना ज्याच्याशी साथ करायची आहे त्याचं खरं-खोटं पहिल्या आवर्तनात कळतं. ज्यांची भाची आहे त्यांनी त्या खोलीत बसू नये. त्यानंतरही तीच मुलगी उजवी ठरली तर कुणाला बोलायला जागा उरत नाही आणि तिच्याही मानेवरचं ओझं उतरतं. या सगळ्यात तिचा दोष काडीचाही नाही, हे दोन्ही तटांना ठणकावून सांगा.

फ्लेक्स बदला. सगळा छापायचा नसेल तर फोटो आणि नावावर नवी पट्टी चिकटवा, पण जुन्या चेहऱ्यावर गर्दी जमवू नका. देणगी प्रवेशिका असतील तर विकताना बदल सांगा. प्रयोगाच्या रात्री नांदीच्या आधी एका वाक्यात जाहीर करा. त्याला 'अपरिहार्य कारणास्तव' हे शेपूट लावू नका, त्याने कुजबुज वाढते.

बैठकीचा श्रोता (गुहागर)

तिसरी घंटा यांचं बरंचसं पटतं, पण 'अधिकार दिग्दर्शकाचा' हे मला इतकं सरळ दिसत नाही. व्यावसायिक नाटकात कलाकाराला नाईट (दर प्रयोगाचं मानधन) मिळते, तारखा ठरतात, करार असतो, म्हणून तिथे निर्माता रिप्लेसमेंट करू शकतो. उत्सवातलं नाटक विनामोबदला चालतं. तिथे वर्षानुवर्षं स्वखर्चाने येणाऱ्या बाईला मोबदल्याच्या जागी मानच मिळालेला असतो, तो काढून घेताना जास्त काळजी हवी. माझ्या मते तिला आधी पर्याय द्यायला हवा होता. शनिवार-रविवार मिळून पाच आठवड्यांत दहा तालमी होतात. भूमिका आणि पदं तोंडपाठ असलेल्या सुभद्रेला दहा तालमी भरपूर झाल्या. मधल्या वारी तिच्या जागी कुणीतरी उभं राहून गद्य म्हणायचं. नवी मुलगी त्यासाठीच घेतली असती तर पुढच्या वर्षीची सुभद्राही तयार झाली असती.

यंदा आता नवीलाच ठेवणार असाल तर तिच्याकडून जुनीची नक्कल करून घेऊ नका. गावात जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग नक्की असणार आणि कुणीतरी ते तिच्या हातात देणार. चाल शिकायला ते ठीक आहे, पण हरकती आणि ताना उचलल्या की त्या दुसऱ्या गळ्यात बसत नाहीत आणि श्रोता सतत तुलना करत राहतो. 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक १९६७ मध्ये आलं तेव्हापासून त्यातले खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे हे समीकरण झालं होतं. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी ती भूमिका केली, ती स्वतःच्या गळ्याने. घराण्यातला माणूसही हुबेहूब आजोबा व्हायला जात नाही, मग या मुलीवर ती सक्ती कशाला?

पायपेटी (देवरूख)

श्रोते, तुमची दहा तालमींची सूचना पट्टीच्या हिशेबानेही सोयीची होती. असो. नवीनच असेल तर तालमी अशा लावा.

पहिला आठवडा फक्त पदं, बसून, ऑर्गन आणि तबल्यासकट. मूळ संहितेत शंभराच्या वर पदं आहेत, आज कुणीच सगळी घेत नाही. तिच्या वाट्याला कुठली ठेवायची ते याच आठवड्यात कायम करा. जुनीला शोभणारं पण हिला न पेलणारं पद खुशाल गाळा. दुसऱ्या आठवड्यात गद्य उभं करा आणि त्यात पदाआधीचं शेवटचं वाक्य पक्कं करा. ऑर्गनवाला त्याच वाक्यावर स्वर देतो. नवख्या गायिकेने वाक्य बदललं तर स्वर उशिरा येतो, ती अंदाजाने पद उचलते आणि पहिली ओळ भलत्याच पट्टीत जाते. म्हणून त्या वाक्यात एक शब्दही मागेपुढे नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अर्जुन, कृष्ण, बलराम यांच्यासोबतचे प्रवेश घ्या. रोज संपूर्ण नाटक काढत बसू नका, तिचे प्रवेश दोनदा घ्या.

शेवटच्या आठवड्यात निदान दोन रंगीत तालमी, नऊवारी, दागिने आणि माइकसकट, त्याच मंडपात आणि त्याच वेळेला. माघात रात्री दव पडतं. तबल्याचं कातडं सैल होऊन दुसऱ्या अंकापर्यंत स्वर उतरतो आणि ऑर्गन जागचा हलत नाही. अंकाअंकात तबला कपड्याखाली झाकून ठेवा आणि पडदा उघडण्याआधी ऑर्गनशी मिळवून घ्या. ब्लाउज तिच्या मापाचा नवीन शिवा. जुना आवळून घातला तर श्वास पुरत नाही.

विंगेतून (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. दिग्दर्शकांनी काल फोन केला. जुन्या गायिकेने आधी बराच राग काढला, तो योग्यच होता. यंदा सुभद्रा नवीच करेल असं दोघांच्या बोलण्यातून ठरलं, आणि जुनीला रुक्मिणीसाठी विचारलंय, उत्तर रविवारी देणार आहे. अर्जुन पांढरी एकला तयार आहे. कृष्ण मात्र म्हणतोय, 'नच सुंदरी करू कोपा' खाली घेतलं तर रंगत नाही. आता काय करावं?

पायपेटी (देवरूख)

कृष्णाला काळी एकमध्येच गाऊ द्या. त्याच्या पदांपुरता काळी एकचा तबला वेगळा ठेवा आणि बाकी सगळं पांढरी एकवर घ्या. कुठल्या पदाला कुठला तबला ते तबलजींना प्रवेशवार कागदावर लिहून द्या, आणि त्याची एक प्रत ऑर्गनवर चिकटवा. रुक्मिणीला 'हो' आलं तर तिची काळी चार कृष्णाच्या काळी एकशी आपोआप जुळते, त्या दोघांचा प्रवेश जुन्याच तबल्यावर निघेल.

तिसरी घंटा (कुडाळ)

तिला रुक्मिणीसाठी उत्तर द्यायला रविवारपर्यंत वेळ दिलाय, तर तोवर ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षरही टाकू नका. आणि ती 'नाही' म्हणाली तर ते तिचं शेवटचं म्हणून ऐका, गावातल्या चार जणांकडून गळ घालू नका.