मदत हवी आहे: एसी लावला की गाडीत कुबट वास

रापणवाला: चतुर्थीला आठ दिवस राहिले. पाहुणे कणकवली स्टेशनवर उतरणार, आणि एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास. फिल्टर साफ केला, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो गॅस भरा, अडीच हजार. भरू का? लवकर सांगा.

भरतीओहोटी: गाडी कुठली? फिल्टर कुठला साफ केलात? बॉनेटमधला इंजिनाचा असतो, त्याचा या वासाशी संबंध नाही.

घाटमाथा: गॅस कमी झाला तर थंड कमी होईल, कुबट वास कशाला येईल? पैसे राहू देत खिशात.

सड्यावरचो: उंदीर मेलो असतलो. आमच्या गाडयेत ब्लोअरात घर केल्यान हुता, सोडणाचो काथो घालून!

रापणवाला: ग्लव्हबॉक्समागचाच फिल्टर. साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासला आणि लावला. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. गॅसचं नक्की ना?

भरतीओहोटी: अहो, कागदी फिल्टर धुतात होय! घड्या चिकटतात, आणि या दिवसांत तो वाळणार कधी? ओलाच बसवलात ना? नवीन आणा, बसवताना त्यावरचा बाण बघा. दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलायचा म्हणतात, आपल्या तांबड्या धुळीत त्याआधीच.

घाटमाथा: मी दोन वर्षं धुऊनच वापरतोय. काही होत नाही.

भरतीओहोटी: तुमच्या नाकाला सवय झाली असेल.

काजूगर: एसी हवाच कशाला, काचा खाली करा. शनिवारी रात्री कोल्हापूरहून येतोय, करूळ घाट कसा आहे?

चिरेखाण: पुढचं डावीकडचं मॅट उचलून बघा, खाली ओल आहे? कूलिंग कॉइलवर हवेतल्या दमटपणाचं पाणी धरतं आणि एका रबरी नळीतून गाडीखाली टपकतं. नळी तुंबली की पाणी आत साचतं, कॉइलला बुरशी धरते. गाडी झाडाखाली लावता का?

रापणवाला: फणसाखाली. मॅट ओलं आहे, पण मला ते छत्रीचं पाणी वाटलं. हे आधी का नाही सांगितलंत कोणी?

भरतीओहोटी: विचारलेलं आधी सांगितलंत का तुम्ही?

रापणवाला: गाडीखाली शिरून नळीत वायर घातली. भसकन पाणी आलं, थेट कोपरापर्यंत, वर काळा गाळ. फिल्टर कुडाळला मिळाला. वास निम्मा गेला. अजून वायर खुपसू?

चिरेखाण: नको! कॉइलला भोक पडलं तर मात्र गॅस खरंच भरावा लागेल. खालून हवा मारून घ्या. उरलेल्या वासाला कॉइल साफ करायचा फोमचा स्प्रे मिळतो. आणि घर आलं की शेवटची तीन-चार मिनिटं एसी बंद, नुसता ब्लोअर. कॉइल सुकते.

सड्यावरचो: उंदीर गावलो काय पण?

काजूगर: करूळचं कोणी सांगेल का?