मदत हवी आहे: निर्गम आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’

नमस्कार मंडळी. वांद्र्याच्या आमच्या चर्चमधल्या कॉलेजच्या मुलांसोबत मी बायबलचा जुना करार वाचते. सध्या निर्गम, म्हणजे मोशे इस्राएली लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढतो ते पुस्तक. जोडीला ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अंतराळातली टीव्ही मालिका (२००४ ची) बघतोय: १२ वसाहती, हरवलेली तेरावी टोळी, पृथ्वीचा शोध. त्यात माणसं अनेक देव मानतात आणि त्यांच्याशी लढणारी यंत्रं एकच, यावर मुलं तासभर भांडली!

पण अडलंय वेगळंच. निर्गमच्या १४ व्या अध्यायात रात्रभराच्या पूर्वेच्या वाऱ्याने समुद्र हटतो, आणि मोशेने हात उगारल्यावर पाण्याच्या भिंतीही उभ्या राहतात. बरेच अभ्यासक म्हणतात, इथे दोन जुने वृत्तांत गुंफलेत. कुणाची श्रद्धा न दुखावता हे कसं समजावू? मराठीत यावर सोपं पुस्तक आहे का? मुंबईत कुठल्या ग्रंथालयात मिळेल? रविवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.