पेनावरचा दुधट पट्टा ही ‘हाताची खूण’ कशी?

शिसवप्रेमी: एका पेनकारांनी काल येथे लिहिले की, लेथवर कातलेल्या लाकडी पेनाच्या फिनिशमध्ये राहिलेले डाग, रेघा आणि फुगे हे दोष नसून कारागिराच्या हाताची खूण आहे आणि ज्यांना ती खुपते त्यांनी कारखान्यातले पेन घ्यावे. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. लाकडातली गाठ, रंगातला फरक, वाकडी गेलेली रेषा हे सारे झाडाचे असते आणि त्याबद्दल कुरकुर करणारा ग्राहक चुकतो, हे मी मान्य करतो. मात्र त्या लाकडावर चकाकीसाठी चढवलेला सुपरग्लूचा थर झाडाने दिलेला नसतो. वडिलांसाठी घेतलेल्या शिसवी पेनाच्या निबकडच्या टोकाला, धातूच्या कड्याला लागूनच, एक दुधट पट्टा आहे. पेन उजेडात तिरपे धरले की त्याखालचे रेषे दिसेनासे होतात आणि बोट फिरवले की थराची उचललेली कड हाताला लागते. विक्रेत्याला छायाचित्र पाठवले, तेव्हा हस्तकलेचा आदर करावा, असे उत्तर आले. वडील आता ते पेन खिशाला लावत नाहीत.

लेथवरचा माणूस: ती पोस्ट माझीच आहे आणि मी तिच्यावर ठाम आहे. सुपरग्लू हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याने घट्ट होतो. पावसाळ्यात कोकणात खिडकी बंद करून काम केले, तरी एखादा थर अपेक्षेपेक्षा लवकर धरतो आणि खाली धूसरपणा राहतो. थरांवर थर द्यायचे, मग १५०० पासून १२००० क्रमांकापर्यंतच्या पॅडांनी घासायचे, आणि एवढे करून ग्राहक विचारतो की, बाजारात दहा रुपयांना पेन मिळत असताना तुमचे इतके महाग का. भिंग घेऊन बसणाऱ्या ग्राहकाने या मजुरीचाही कधी हिशेब करावा.

शिसवप्रेमी: मजुरीचा हिशेब मी पैसे देतानाच केला होता, सांगितलेल्या किमतीतला एक रुपयाही कमी करून मागितला नव्हता. पट्टा फक्त टोकालाच असेल, तर दोष पावसावर कसा ढकलता? ओल्या पॅडने घासण्यापूर्वी लाकडाची दोन्ही टोके पातळ ग्लूने बंद केली नाहीत, तर पाणी उघड्या रेषांतून थराखाली शिरते आणि कड पांढरी पडते. दुसरे कारण बुशचे, म्हणजे लेथवर लाकडाच्या दोन्ही टोकांना लावलेल्या धातूच्या गोल तुकड्यांचे. थर बुशवरही चढलेला असताना तो सांधा आधी कापून न घेता बुश ओढून काढला, की टोकाचा थर उचलला जातो. ही दोन्ही कारणे हाताच्या सवयीची आहेत, हवामानाची नव्हेत.

लाखेचा पक्षपाती: तुम्ही दोघेही मूळ चूक सोडून भांडत आहात. लाकडावर प्लास्टिकचे कवच चढवायचे आणि मग त्यात धुके दिसले म्हणून रडायचे, हे कशासाठी? कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी आणतात. त्यात ना फुगे, ना वास, ना डोळ्यांची जळजळ. आमच्या घरी आजोबांच्या वेळच्या लाखकामाच्या डब्या अजून चांगल्या आहेत.

रोज लिहिणारा: डबी फडताळात राहते, पेन घामेजलेल्या बोटांत राहते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्याकडचे लाखेच्या पॉलिशचे पेन सॅनिटायझर लावलेल्या हाताने वापरले आणि पकडीच्या जागी ते चिकट होऊन मग निस्तेज झाले. आजोबांच्या डबीचा दाखला येथे लागू होत नाही.

लाखेचा पक्षपाती: सॅनिटायझर वाळण्याआधी पेन धरणे हा वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा आहे. परंपरेला नावे ठेवण्याआधी वस्तू वापरण्याची रीत शिकावी.

रोज लिहिणारा: रीत शिकवण्याचा हा सूर मला मान्य नाही. मी लिहून पोट भरतो. पेन हे माझे अवजार आहे आणि अवजाराने हाताला सोसले पाहिजे.

लाखेचा पक्षपाती: सूर चढला, हे खरे. रोजच्या पकडीसाठी लाख कमी पडते, एवढे मान्य करतो, अधिक नाही. पण लाखेचे पेन झिजले तर घरच्या घरी पुन्हा पॉलिश करता येते. ग्लूचा थर तडकला की ते पेन कारागिराकडेच न्यावे लागते.

शिसवप्रेमी: तेच तर मी विचारतो आहे! कारागिराकडे नेले, तर तो दुरुस्त करून देणार की आदर शिकवणार?

लेथवरचा माणूस: दुरुस्ती वाटते तेवढी सोपी नसते. पेन दाबून जोडलेले असते. पंचने ठोकून भाग मोकळे करताना लाकूड तडकू शकते. असिटोनने थर काढायला गेलो आणि आतली पितळी नळीही सुपरग्लूनेच बसवलेली असली, तर तीही सुटू शकते. म्हणून पुन्हा लेथवर धरून थर पटाशीने आणि कागदाने उतरवावा लागतो, त्यात लाकडाची जाडी कमी झाली की कड्याशी पायरी पडते. तरीही टोके बंद करण्याचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. उचललेली कड ही खूण नव्हे, हेही लिहून ठेवतो. रेघांबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही: हातभर अंतरावरून जी दिसत नाही, तिच्यासाठी पेन परत घेणार नाही.

शिसवप्रेमी: हातभर अंतराची अट मला पटत नाही, कारण लिहिताना पेन डोळ्यांपासून त्याहून जवळ असते. परंतु कड उचललेले पेन विनामूल्य परत घ्यावे, एवढे जरी तुम्ही तुमच्या विक्रीच्या पानावर लिहिलेत, तरी पुढचे पेन मी तुमच्याकडूनच घेईन.

लेथवरचा माणूस: कडेबद्दल लिहितो. टपालखर्च ग्राहकाचा.

शिसवप्रेमी: दोष तुमचा असताना टपालखर्च माझा का?